मिसाओची पन्नास मिनिटं

जपानात, कागाच्या किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, मिसाओचं आठ माणसांचं दुकान होतं. आठ माणसांचं म्हणजे लाकडी फळीपुढे आठच बैठका. नववा आला की त्यानं बाहेर बर्फात उभं राहायचं, नाहीतर मुकाट घरी जायचं. नवरा एइसाकु वारल्यावर तिनं हे दुकान काढलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सत्तावन्न वर्षांची, बुटकी, रुंद हाडाची बाई. बोलणं फटकळ, पण हात हलका.

आणि त्या हाताचंच नाव होतं. साके, म्हणजे तांदळाची दारू, ऊन करावी तर मिसाओनं, असं सगळ्या किनाऱ्यावर म्हणत. मंद आचेवर पाण्याचं भांडं, त्यात गळ्यापर्यंत बुडवलेली चिनी मातीची सुरई. ती वर उचलायची, मधलं बोट बुडाला लावायचं आणि सांगायचं, "झाली." थर्मामीटर तिनं कधी घेतला नाही. उन्हाची ऊब, अंगाची ऊब, कोमट, त्याच्या वरची ऊन, कढत आणि चटका, अशा पायऱ्या तिच्या बोटात होत्या. थंडीच्या दिवसांत बर्फाचा गारवा वेगळा आणि फुलांच्या दिवसांतला गारवा वेगळा, हेही ती सांगायची. एकच साके एका उबेला तोंड मिटून बसते आणि चार अंश वर गेली की गायला लागते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून साके बनवणारे कारागीर नवी बाटली बाजारात पाठवण्याआधी तिच्याकडे यायचे. तिनं चाखायचं, सोबत काय खावं ते ठरवायचं, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून द्यायचं: अमुक साके, अमुक ऊब, अमुक मासा.

दुकानात आणखी एक गोष्ट मिळायची, जिच्यासाठी लोक लांबून यायचे. केंडाची गाबोळी. अंग फुगवणारा हा मासा, त्याची ताजी गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, खाल्ली की मरण. पण ती वर्षभर मिठात आणि पुढे दोन वर्षं तांदळाच्या कोंड्यात दगडाखाली दाबून ठेवली की तिच्यातलं विष जातं. कुठे जातं, कसं जातं, ते मुरवणारेही सांगू शकत नाहीत. त्यांना एवढंच माहीत, की तीन वर्षांच्या आत पिंपाला हात लावायचा नाही, आणि शहरातल्या प्रयोगशाळेचा कागद आल्याशिवाय एक तुकडाही बाहेर जाऊ द्यायचा नाही. मिसाओचा धाकटा दीर यासोहाची याची गावाच्या टोकाला मुरवणीची वखार होती. गाबोळी तिथूनच यायची.

मिसाओ ती विकायची, पण तिची भीती तिच्या मनातून कधी गेली नव्हती. ती नऊ वर्षांची असताना शेजारच्या कोळ्यानं बोटीवर केंडाचं काळीज खाल्लं होतं. पैज लावून. त्याला दाराच्या फळीवर घालून घरी आणलं तेव्हा तो बोलत होता, "ओठ कुठे गेले माझे?" म्हणून हसत होता. मग बोटं गेली, पाय गेले, मग जीभ. पण डोळे उघडे होते आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याची बायको कानाशी ओरडत होती आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, एवढंच. छाती हलायची थांबली तेव्हाही डोळे मिटले नव्हते. हे सगळं मिसाओनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

म्हणून तिचा एक नेम होता. नवं पुडकं उघडलं की पहिला काप आपण खायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय गं, विश्वास नाही का दिरावर?" तर म्हणायची, "दिरावर आहे, माशावर नाही."

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला जिन्नाई आला. जिन्नाई नोतोचा. सहासष्ट वर्षांचा, उंच, वाकलेला, डोंगरपायथ्याच्या एका साके कारखान्याचा मुख्य कारागीर. हिवाळाभर तो कारखान्यात राहायचा, वसंतात घरी भातशेतीला जायचा. वर्षातून एकदा, दोन-तीन तासांची सुटी काढून, मिसाओकडे बाटली घेऊन यायचा. दुकान त्या वेळी बंद असायचं. दोघंच असायचे.

त्यानं बुटांवरचा बर्फ झटकला, बाटली फळीवर ठेवली आणि म्हणाला, "घे. गेल्या वर्षीची आहे. वर्षभर ठेवली, तरी बोलत नाही. तू बोलती कर."

"तुमच्यासारखीच निघालीय म्हणायची, जिन्नाईदादा."

"मी बोलतो. ऐकणारं माणूस लागतं."

"घरी वहिनी आहेत की."

"म्हणून तर इथे येतो." तो बसला. "पाऊणची बस गाठायचीय हां. संध्याकाळी तांदूळ वाफवायला घालायचेत."

मिसाओनं खिडकीबाहेरच्या बर्फात पुरलेली एक रिकामी सुरई काढून तीत साके ओतली आणि सोबत सोललेली गोडसर कोळंबी दिली. जिन्नाईनं घोट घेतला, मान हलवली. "तोंड मिटून बसलीय." मग उन्हाची ऊब आणि सलगमाच्या चकत्यांत बुरी मासा घालून आंबवलेलं लोणचं. "हं. आता पापणी हलली." अंगाची ऊब आली तेव्हा दोघांनीही एकदमच घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. साकेला तांदळाच्या पेजेसारखा वास यायला लागला होता.

"हिला खारट काहीतरी हवं," मिसाओ म्हणाली. "थांबा. परवाच यासोहाचीनं गाबोळीचं पुडकं पाठवलंय."

पुडकं तिनं फोडलं. कोंडा पुसून गाबोळीचे पातळ काप केले, जाळीवर एका बाजूनं किंचित शेकले. पहिला काप तिनं तोंडात टाकला. मीठ जिभेला टोचलं. तीन वर्षं मुरलेल्या गाबोळीचं मीठ असं टोचत नाही, ते जिभेवर पसरतं. तिच्या मनात आलं, सकाळपासून सर्दी झाल्यासारखं वाटतंय, जीभच धड नाही आज. आणि तिनं काय केलं, तर पुढची सुरई थोडी जास्त ऊन केली. कोमट साके मिठाची धार मोडते, हे तिचं जुनं ज्ञान. धार मोडली. जिन्नाईनं एकामागून एक तीन काप खाल्ले, वर घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "आता बोलली. ऐकलंस?"

तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं पाहिलं नव्हतं, पण पुढे तिला ते प्रत्येक मिनिट आठवायचं होतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी आतल्या खोलीत फोन वाजला.

"वहिनी, मी बोलतोय." यासोहाचीचा आवाज धापा टाकत होता. "परवाचं पुडकं उघडलंत का?"

"का?"

"आधी सांगा, उघडलंत का?"

"उघडलं."

"वहिनी, पुडक्यांची अदलाबदल झालीय. फळीवर दोन पुडकी होती, एकाच कागदातली. एक तुमचं. दुसरं सात नंबरच्या पिंपातलं, शहरात तपासायला पाठवायचं. सात नंबरला अजून एक वर्ष बाकी आहे. मागच्या खेपेला कागद आला त्यात लिहिलं होतं, अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे आहे. विष. किती ते... किती ते नाही माहीत. आत्ता प्रयोगशाळेतून फोन आला, म्हणाले हे तर पूर्ण मुरलेलं दिसतंय, तुम्ही भलतंच पाठवलंत का?"

पडद्याच्या फटीतून तिला जिन्नाईची पाठ दिसत होती. तो काड्यांनी ताटलीतला चुरा गोळा करत होता.

"कुणी खाल्लं?" यासोहाचीनं विचारलं.

"मी."

"किती?"

"एक काप."

"अजून कुणी?"

तिनं पडद्याची फट बोटानं मिटली.

"वहिनी! गिऱ्हाईक आहे का?"

"जिन्नाईदादा आहेत. तीन."

"अरे देवा." मग तो झपाट्यानं बोलायला लागला. "ऐका. कुणाला सांगू नका. मी आत्ता वखारीत जाऊन दुसऱ्यांदा खात्री करतो, अजून पक्कं काही नाही. तासाभरात येतो. त्यांना जाऊ देऊ नका, पण सांगूही नका. बाहेर फुटलं तर वखारीला टाळं लागेल वहिनी, चौदा घरं आहेत माझ्यावर. ओठ बधिर झाले तर डॉक्टरला बोलवा. नाही झाले तर काही झालंच नाही. कळलं का? एक तास."

"हो," मिसाओ म्हणाली. "हो. बरं."

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. तिनं जिभेनं ओठ चाचपले. खालचा, मग वरचा. ओठ जागेवर होते. की तिला तसं वाटत होतं? नऊ वर्षांची असताना दाराच्या फटीतून पाहिलेला तो चेहरा डोळ्यांपुढे आला आणि जाईना.

"कोण होतं?" जिन्नाईनं विचारलं.

"यासोहाची." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "काही नाही. पिंपांचं काहीतरी."

"बरं, मी निघतो आता. कोमट लिहून दे, गाबोळीसोबत. पाऊणची बस..."

"बसा!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. तिनं हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे, अजून वरच्या पायऱ्या राहिल्यात दादा. वर्षातून एकदा येता. अर्धवट चाखून मी काय लिहून देणार? पुढची बस दोनची आहे."

"तांदूळ..."

"तांदळाला काय झालंय, पोरं आहेत ना तिकडे. बसा."

तो बसला. एवढी आग्रही मिसाओ त्यानं कधी पाहिली नव्हती. त्याला बरं वाटलं असावं. मिसाओनं उरलेली गाबोळी ताटलीसकट उचलून आत नेली आणि पातेल्याखाली झाकली. हात तीनदा धुतले. मग सुरई भरून पाण्यात ठेवली आणि तिचं ते पाहणं सुरू झालं.

तिला फक्त त्याचे ओठ दिसत होते. म्हातारे, भेगाळलेले ओठ. ते बोलताना नीट मिटतात का? घोट घेताना कोपऱ्यातून थेंब गळतो का? प्याली धरलेली बोटं कापतात का? तिच्या मनात आलं, बधिर ओठाला ऊन-गार कळणार नाही. मग तिनं तेच धरलं. कोमटच्या वरची सुरई दिली, सोबत बुरी आणि मुळ्याचा रस्सा, आणि विचारलं, "कशी लागते ओठाला?"

"ओठाला? जिभेला विचार की."

"आधी ओठाला लागते ना. सांगा."

"ऊन. छान ऊन." त्यानं ओठ पुसले. "रस्सा मुळ्यापेक्षा हिलाच जास्त शोभतो."

तिनं श्वास सोडला. लगेच मग गार, बर्फातली प्याली. "आता?"

"गार! अगं, वर-खाली, वर-खाली काय चालवलंयस? साकेला चक्कर येईल."

"मला फरक बघायचाय."

"काय विचित्र बाई आहेस आज."

पाऊण वाजले. रस्त्यावरून बस गेली, तिच्या चाकांच्या साखळ्या बर्फावर खळखळत गेल्या. मिसाओला वाटलं आत्ता सांगावं. तोंड उघडलं, आणि यासोहाचीची चौदा घरं डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यातली सगळी घरं तिला माहीत होती. ओशिमाबाई, जिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. मिठाची पोती वाहणारे ते दोघे भाऊ. ती माणसं खरी होती, पण खरं कारण ती नव्हती, हे तिचं तिलाही ठाऊक होतं. खरं कारण हे की ती घाबरली होती. सांगितलं की ते घडलेलं होणार होतं. सांगेपर्यंत ते नुसतं एक पुडकं होतं.

आणि मीठ टोचलं होतं. जिभेनं सांगितलं होतं तिला, साफ शब्दांत. तिनं ऐकायच्या ऐवजी साके ऊन केली आणि त्या मिठाचं तोंड दाबलं. ज्या हातासाठी लोक तिचं नाव घेत, त्याच हातानं ते विष जिन्नाईच्या घशाखाली सुखानं उतरवलं होतं.

ती स्वतःच्या बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघत होती. मुंग्या आल्यासारख्या वाटत होत्या. पाण्यामुळे? भीतीनं? तिला छातीत श्वास अडकल्यासारखा झाला आणि ती पाठ फिरवून उगीच कपाटातल्या प्याल्या मांडत बसली. मनात आलं, मी आडवी झाले तर या माणसाला सांगणार कोण? यासोहाचीला यायला उशीर झाला तर? दोघंही इथे डोळे उघडे ठेवून पडलेलो असू आणि कुणाला कळणारही नाही कशानं.

एक वाजून आठ मिनिटांनी तिनं जाळीवर सुकी तारली शेकायला ठेवली आणि सुरई उचलून ओतली. "ही कढत. सांभाळून."

जिन्नाईनं घोट घेतला. थांबला. आणखी एक घोट घेतला.

"कढत कुठे?" तो म्हणाला. "मला तर काहीच लागत नाही."

मिसाओच्या हातातली काडी पडली. ती फळीवर वाकली आणि त्याच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघायला लागली की तो मागे सरकला. "काहीच नाही? ओठाला? ओठाला काय लागतं, दादा? ओठ आहेत का?"

"ओठ आहेत का?" त्यानं प्याली खाली ठेवली. मग हात लांब करून सुरईला बोट लावलं, मिसाओसारखंच, बुडाला. "ही अंगाच्या उबेची आहे. ही तू मघाच काढून ठेवलेली सुरई आहे मिसाओ. कढत अजून भांड्यातच आहे."

होती. भांड्यात दुसरी सुरई उकळत्या पाण्यात ठणठणत होती. तिनं चुकीची उचलली होती, आणि हातात धरूनही तिला कळलं नव्हतं.

जिन्नाईनं बोट पुसलं. मग हळू म्हणाला, "एकोणीस वर्षांत तुझं बोट चुकलेलं मी पाहिलं नाही. काय झालंय?"

तिनं सांगितलं. उभ्याउभ्याच, फळीची कड दोन्ही हातांनी धरून. पुडकं, सात नंबरचं पिंप, प्रयोगशाळा. सांगताना तिनं एकही शब्द मऊ केला नाही.

तो ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, "फोन आला तो हाच का? बाराचा?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ता आला, असं म्हणता आलं असतं. आत जाऊन फोन उचलल्याचं सोंगही करता आलं असतं. "बारा वीसचा," ती म्हणाली.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "एक दहा."

"हो."

"पन्नास मिनिटं तू माझ्याकडे बघत होतीस."

"हो."

"ऊठ," तो म्हणाला. ती उभीच होती, पण त्याला ते दिसत नव्हतं बहुतेक. "डॉक्टरला बोलव. जा!"

ती वहाणा न घालता धावली. दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर निवा जेवत होते. तिनं दारातूनच ओरडून सांगितलं तसे ते तोंडातला घास घेऊनच उठले, आधी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग हवा भरायची रबरी पिशवी घेऊन तिच्या मागे आले. रुग्णवाहिका शहरातून यायची, बर्फातून, म्हणजे पाऊण तास तरी. डॉक्टरांनी दोघांनाही मागच्या मोरीत नेऊन पोटं रिकामी करायला लावली. मग जिन्नाईला चटईवर निजवलं आणि त्याच्या डोक्याशी ती पिशवी घेऊन बसले.

"ही कशाला?" जिन्नाईनं विचारलं.

"तुम्ही श्वास घ्यायचे विसरलात तर मी घेईन तुमच्यासाठी. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मुलंबाळं?"

"दोन मुली." तो छताकडे बघत होता. एक वाजून पस्तीस मिनिटांनी तो म्हणाला, "डॉक्टर, खालचा ओठ गेला."

तारली जाळीवर जळत होती, तिचा धूर दुकानभर झाला होता, तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

"आता जीभ. टोकाशी." मग बऱ्याच वेळानं, "बोटं." शब्द जड व्हायला लागले होते, दारू चढलेल्या माणसासारखे. मिसाओ त्याच्या पायांशी बसली होती. तिच्या स्वतःच्या ओठांवरून मुंग्या चालत होत्या, आता नक्की, पण ते सांगायची तिला लाज वाटली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला नाही काही. त्यांना बघा." दरवाजा उघडला आणि यासोहाची आत आला, डोक्यावर, खांद्यांवर बर्फ. त्यानं चटईकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, मग वहिनीकडे. काय झालं ते त्याला विचारावंच लागलं नाही. तो दारातच खाली बसला.

रुग्णवाहिका दोन वीसला आली. जिन्नाईला उचलताना त्याचे पाय कुणाच्या दुसऱ्याचेच असल्यासारखे लोंबत होते. डोळे मात्र उघडे होते. मिसाओनं ते पाहिलं. तिलाही त्याच गाडीत घातलं. वाटभर ती त्याच्या छातीवरचं ब्लँकेट वरखाली होतंय की नाही ते मोजत राहिली. दोनदा तिला वाटलं थांबलं. दोनदा ती किंचाळली. दुसऱ्यांदा जिन्नाईनं मान किंचित वळवून तिच्याकडे रागानं पाहिलं, त्यावरून तो जिवंत असल्याचं कळलं.

त्याचा श्वास मंदावला, पण थांबला नाही. दोन वर्षांच्या मुरवणीनं बरंचसं विष काढलं होतं, बाकीच्यातलं काही तिनं आणि त्यानं मोरीत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला प्याली धरता आली. मिसाओच्या ओठांवरच्या मुंग्या रात्रीच गेल्या होत्या. ती त्याच्या खाटेशी गेली आणि कमरेत वाकून तशीच उभी राहिली.

"सरळ हो," तो म्हणाला. बोलणं अजून जरा अडखळत होतं. "विषाचा राग नाही मला. विष माशात असतं. पुडकी बदलतात, माणसं आहेत. पण तू मला पाजत होतीस आणि बघत होतीस मिसाओ. ऊन लागतं का, गार लागतं का. मला वाटलं, आज हिला माझी साके खरंच आवडलीय."

ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. "आवडली होती," एवढंच म्हणाली.

"जा घरी."

चौकशी झाली. यासोहाचीच्या वखारीला सहा महिने टाळं लागलं. मिसाओचं दुकान पंचवीस दिवस बंद राहिलं. तिनं अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, बारा वीसपासून एक दहापर्यंत. ते सांगायची गरज नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. यासोहाची म्हणाला, "आणखी थोडी कळ काढता आली नाही तुम्हाला वहिनी?" ती म्हणाली, "भावोजी, आधीच पन्नास मिनिटं जास्त काढली मी." तो दीड वर्ष तिच्याशी बोलला नाही. ओशिमाबाई रस्त्यात दिसली की मिसाओ गल्ली बदलायची. एकदा बदलायला गल्लीच नव्हती, तेव्हा ओशिमाबाईनं नुसतं "बर्फ फार झाला यंदा" म्हटलं आणि पुढे गेली.

दुकान उघडल्यावर पहिले काही महिने तिचं बोट तिला साथ देईना. सुरई उचलली की बुडाला लावलेलं बोट काही सांगायचंच नाही. तिनं निमूट थर्मामीटर विकत आणला आणि गिऱ्हाइकांसमोर वापरला. लोक हसले. ती त्यांना म्हणाली, "हसा. मला भीती वाटते." ज्या बाईच्या तोंडून अशी गोष्ट कुणी कधी ऐकली नव्हती, ती ते सरळ बोलली, मग हसणंही थांबलं. गाबोळी तिनं पुन्हा ठेवली नाही.

जिन्नाई पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, कारखान्याचं काम आटोपून नोतोला परतताना तो आला. बगलेत बाटली. सोबत धाकटी मुलगी होती, ती दारातच उभी राहिली आणि मिसाओकडे रोखून बघत राहिली.

"ही म्हणाली एकटं जाऊ देणार नाही," जिन्नाई बसत म्हणाला. "बस गं तूही. ही बाई चावत नाही."

मिसाओनं साके ओतली, थर्मामीटर बुडवला. जिन्नाईनं त्या काचेच्या नळीकडे पाहिलं. कोमट साके आणि उकडलेला बांबूचा कोंब. मिसाओनं आधी स्वतः खाल्लं, घोट घेतला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मुलगी घड्याळाकडे बघत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"आज फोन आला," जिन्नाई म्हणाला, "तर मोठ्यानं बोल."

मग त्यानं कोंबाचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. मुलीनं श्वास रोखला, मिसाओनंही. तो चावत राहिला, गिळला, वर घोट घेतला.

"दोन अंश जास्त झालीय," तो म्हणाला.

मिसाओनं सुरई बर्फाच्या पाण्यात क्षणभर धरून काढली आणि परत ओतली. तो दोन तास बसला. जाताना तिनं चिटोऱ्यावर लिहून दिलं: कोमट, चाळीसच्या खाली, बांबूचे कोंब, नाहीतर साधा भात. त्यानं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं. मुलीनं दारातून वळून विचारलं, "तुम्हाला अजून भीती वाटते का, काकू?"

"रोज," मिसाओ म्हणाली. "कुठलंही पुडकं सोडताना, रोज."